फळा

फळा दीड फूट बाय दोन. काळा रंग मीच दिलेला,
मडगार्डांसाठी येणाऱ्या डब्यातला.
एका फेरीला त्यावर चार-पाच अक्षरं मावतात.
जास्त लिहिलं तर वाचणार कोण?
तो टेकाडावरून उतरतो तेव्हा
गॉगलवर चिखल, दातांत चिखल,
आणि माझ्यासमोरून जायला त्याला लागतो
एका शिंकेइतका वेळ.

तेवढ्यात सगळं सांगायचं:
कितवा आहेस, पुढच्यात नि तुझ्यात किती सेकंद,
फेऱ्या किती उरल्या.
पाच वर्षं मी हेच लिहीत आलो.
उद्यमनगरच्या फौंड्रीत धूर खाताना
वाटलं नव्हतं, कधीतरी माझं हस्ताक्षर
श्रॉपशरच्या वाळूच्या टेकडीवर
चाळीस मैलांच्या वेगानं कुणी वाचेल.

कंपनी वुल्व्हरहॅम्प्टनची, हॅलम अँड प्राइस.
कालव्याकडेला लाल विटांच्या तीन शेड,
तिसरी रेसिंगची, गळकी.
तिथं विनी टॉल्हर्स्ट चाकं बांधायची.
एकेक स्पोक नखानं छेडायची, कान लावायची,
एखादी तार उतरलेली वाटली की भुवई वर.
तिनं पास केलेलं चाक दगडावर आपटलं
तरी वाकायचं नाही, नुसतं रागवायचं.
इंजिन पाचशे सीसीचं, एकच सिलिंडर,
थंडीत म्हशीसारखं अडून बसणारं
आणि एकदा उठलं की कुणाचं न ऐकणारं.

मग जपानी गाड्या आल्या,
सडपातळ, निळ्या धुराच्या, चिरक्या आवाजाच्या.
आमचा लेन ऑट्रिज म्हणायचा, डास आहेत डास.
त्या वर्षी डासांनी आम्हाला फोडून काढलं.

त्या रविवारी दुसरी शर्यत सुरू झाली
आणि गार्बटसाहेब माझ्याशेजारी येऊन उभे राहिले.
रेनकोटाच्या बाहीतून पाणी गळत होतं.
म्हणाले, "बँकेचं पत्र आलंय.
सोमवारपासून तिसऱ्या शेडला कुलूप.
त्याला शर्यत होईपर्यंत कळू देऊ नकोस, पॅट."
(पाटणकर त्यांच्या जिभेवर कधी बसलंच नाही.)
आणि चहाच्या तंबूकडे गेले.

पावसात खडू चालत नाही,
आम्ही टायरवर खुणा करायची पिवळी मेणकांडी वापरायचो.
मी लिहिलं: ६. अधिक ४.
तो गेला. मान हलवली.
बाहीनं पुसलं. लिहिलं: ६. अधिक ३.
पुढच्या फेरीला परत ४.
वळणावर त्याचा डावा बूट चिखलात रुतला, सुटला,
गाडी आडवी होता होता सरळ झाली,
विनीची छत्तीस तारांची चाकं, दुसरं काय.
आणि मी आकडे लिहीत होतो,
बुडत्या बोटीवरचा कारकून हिशेब लिहितो तसा.

शेवटची फेरी.
फळा पुसला. हात थांबला.
कळू देऊ नकोस, असं सांगितलं होतं,
लिहू नकोस असं नाही.
मी लिहिलं, मराठीत, मोठ्ठं,
चौथीतल्या मास्तरांना आवडेल असं
अनुस्वारासकट:
संपलं.
दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं.

लेन आला, बघितलं, गेला.
सहावाच आला.

नंतर ट्रकच्या फळीवर बसून
बुटातली वाळू ओतत होता.
गार्बटसाहेब अजून चहाच पीत होते.
मला म्हणाला, "शेवटी ते काय काढलं होतंस?
लांब एक दोरी,
तिच्यावर वाळत घातलेले कपडे,
आणि वर बसलेल्या दोन चिमण्या.
एवढ्या पावसात कोण कपडे वाळत घालतं रे?
हसू आलं मला, त्या उड्या घेताना,
पहिल्यांदाच या वर्षात."

मी म्हटलं, हं.
दुसरा बूट काढायला त्याला मदत केली.
तो घट्ट बसला होता.